अकरा लायसन्स, एक बटणवाली

आपली लेक एक दिवस कुठल्या तरी कागदावर सही करून मोकळी होईल आणि तो कागद कसला होता हे तिला आयुष्यभर कळणार नाही, ही आईची काळजी आजकालची नव्हती. पोरगी चार वर्षांची असल्यापासून ही काळजी तिच्या मानगुटीवर बसली होती आणि उतरायचं नाव घेत नव्हती. आता पोरगी छत्तीस वर्षांची झाली होती, स्वतःचा छोटा कारखाना चालवत होती, अकरा माणसांचं पोट तिच्या हातात होतं, आणि तो कागदही शेवटी उगवला होता. फक्त तो कागद नव्हता. पडद्यावरचं एक निळं बटण होतं, आणि ते शुक्रवारी सकाळी दहाच्या आत दाबायचं होतं.

मामाने तिचं नाव लहानपणीच ठेवलं होतं, होयबाई. हिच्या तोंडून नकार निघाला तर मी पेढी बंद करून संन्यास घेईन, असं तो म्हणायचा. त्याची पेढी अजून जोरात चालू होती.

तिसरीत असताना शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले. शेवटची ओळ दिसते का, असं त्यांनी विचारलं. ही म्हणाली, दिसते. पुढच्या मुलीने वाचलेली ओळ हिने ऐकून ठेवली होती, ती घडाघडा म्हणूनही दाखवली. का, तर डॉक्टर फार दमलेले दिसत होते. त्यानंतर दोन वर्षं पोरगी फळ्यावरचं सगळं शेजारणीच्या वहीतून उतरवत राहिली आणि घरच्यांना वाटत राहिलं की हिचं अभ्यासात लक्ष नाही. पुढे कॉलेजात गेल्यावर एकदा बूट घ्यायला गेली. दुकानदाराने बारा खोकी उघडली, मग रिकाम्या हाताने निघायचं कसं? अंगठा दुमडून घालावे लागतील असे बूट घेऊन आली, आणि वर त्या माणसाचे आभार मानून आली.

आईला याचा राग यायचा, कारण ती स्वतः दुसऱ्या टोकाची होती. एकतीस वर्षं तिने एका मोठ्या इस्पितळाचं भांडार सांभाळलं होतं. कापसाच्या गुंडाळीपासून चाकाच्या खुर्चीपर्यंत सगळं तिच्या टेबलावरून जाई. तिच्यासमोरच्या खुर्चीत बसून भल्याभल्या विक्रेत्यांनी घाम पुसला होता. यंत्र कितीही चकचकीत असो, तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे वापरणार कोण? हुद्दा नको, माणूस सांगा." या एका प्रश्नावर निम्मे विक्रेते गारद होत. उरलेले निम्मे चहा संपवून निघून जात.

अशा बाईच्या पोटी होयबाई जन्मावी, याला काय म्हणायचं?

पण पोरीच्या हातात कला होती, हे आई शत्रूपुढेसुद्धा कबूल करायला तयार होती. शिक्षण संपवून सात वर्षं तिने एका मोठ्या कंपनीत नमुन्याचे कपडे बेतले, आणि मग टायरच्या दुकानावरच्या दोन लांबट खोल्या घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. कामाचे कपडे: नर्सचे कोट, आचाऱ्यांचे डगले, गॅरेजमधल्या लोकांचे पायापासून गळ्यापर्यंतचे अंगरखे. पहिल्या खोलीत कापड पसरायचं लांबलचक टेबल. दुसऱ्या खोलीत शिवणयंत्रं, इस्त्री, आणि भिंतभर खुंट्यांना टांगलेले पॅटर्न, म्हणजे बाही, पाठ, गळा, खिसा अशा प्रत्येक तुकड्याचे पुठ्ठ्यातून कापलेले साचे. खालून दिवसभर रबराचा वास आणि हवा भरायच्या यंत्राचा धडधडाट येई. बोलताना सगळ्यांचाच आवाज चढलेला असे, त्यामुळे तिथे भांडण चालू आहे की चहाचं विचारतायत हे नवख्याला कळत नसे.

नर्सच्या कोटाची तिची बाही तर आईला पाठ होती. सलाइनची बाटली टांगायला हात वर गेला की साधा कोट कमरेपासून वर चढतो. पोरीने काखेत, मुंढ्याखाली, एक छोटा चौकोनी तुकडा घातला आणि कोट जागचा हलेना. तिच्या कोटाची एकदा सवय झालेली इस्पितळं दुसरीकडे गेली नाहीत. कपड्याला नाही म्हणता येत नाही तेव्हा तो कुठे ओढला जातो, हे तिला अचूक दिसायचं. स्वतः कुठे ओढली जातेय, ते मात्र मुळीच नाही.

वर्षभरापूर्वी तिने एक सॉफ्टवेअर भाड्याने घेतलं. पुठ्ठ्याचा साचा कॅमेऱ्याने टिपून पडद्यावर आणायचा. मग लहान, मध्यम, मोठं अशी सगळी मापं ते स्वतः काढतं, आणि कापडावर तुकडे असे बसवून देतं की चिंध्या कमी निघतात. लायसन्स, म्हणजे एकेका माणसाचा वापरायचा परवाना, एकच होतं, कटिंग मास्तरांच्या नावाने. काम छान चाललं होतं. छान चाललेलं काम पाहवत नाही अशी माणसं जगात असतात, त्यातली बरीचशी सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरीला असावीत. कंपनीने कळवलं की जुनी योजना बंद होत आहे, नव्या तीनपैकी एक निवडा. आणि निवडायला मदत म्हणून एक माणूस जोडून दिला.

त्या माणसाचा हुद्दा होता 'ग्राहक यश व्यवस्थापक'. आईने तो दोनदा वाचला. यशाचा अजून पत्ता नव्हता, पण त्याचा व्यवस्थापक आधीच येऊन बसला होता. आईने त्याचं नाव ठेवलं गोडबोल्या.

रविवारी लेक घरी आली ती हातात छापील पानं घेऊनच. जेवणं झाल्यावर तिने ती टेबलावर पसरली. तीन रकान्यांचा तक्ता होता. पहिला रकाना मुद्दाम असा केविलवाणा रंगवलेला की तो निवडणाऱ्याला आपल्या गरिबीची लाज वाटावी. तिसरा असा भव्य की छाती दडपावी. आणि मधल्याच्या डोक्यावर चांदणी: सर्वांत लोकप्रिय.

"मधलाच घ्यावा म्हणतेय," लेक म्हणाली. "तीन वर्षांचा करार. अकरा लायसन्स."

आईने चष्मा पुढे ओढला. "अकरा? तुमच्याकडे माणसं किती?"

"अकरा."

"आणि संगणक?"

"एक."

"एका संगणकावर अकरा जण बसणार कसे? मांडीवर?"

"अगं, त्यांच्या फॉर्ममध्ये प्रश्न होता, तुमच्याकडे पॅटर्न कोण कोण वापरतं? आता पॅटर्न सगळेच वापरतात ना. मी आणि मास्तर बनवतो. दोघं जण कापतात. चौघं शिवतात."

"इस्त्रीवाला?"

"तो कॉलर पॅटर्नवर ठेवूनच दुमडतो."

"टेंपोवाला?"

लेक जरा चाचरली. "तो... पॅटर्न गिऱ्हाइकांकडे पोचवतो कधी कधी."

"मग टेंपोच्या चार चाकांना एकेक का नाही घेतलंस? पॅटर्न तर खरं तीच नेतात."

"आई, खोटं कसं लिहायचं? त्यांनी विचारलं, मी खरं सांगितलं."

आईने कपाळावर हात मारून घेतला नाही, कारण तो मारण्याची तिला आता सवय होऊन गुण येईनासा झाला होता. फॉर्ममधला प्रश्न कंपनीने आपल्या सोयीने विचारला होता, आणि या बयेने तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभी असल्यासारखा सोडवला होता. गोडबोल्याला हसू आलं असेल का? बहुतेक नाही. त्याने फक्त आकडा भरला असेल आणि देवाचे आभार मानले असतील.

"आणि याचं भाडं झेपणार कसं?"

लेक पानांच्या कडा जुळवत बसली. जुळलेल्या कडा पुन्हा जुळवू लागली.

"ते म्हणाले, एका माणसाचं काम कमी होईल. असं कोण आहे, ज्याचं काम मशीन करू शकेल, असं विचारलं. मग मी... बटणवाल्या मावशींचं नाव सांगितलं. बटणं लावायचं मशीन मिळतं आता. शुक्रवारी सही झाली की दुपारी त्यांना सांगेन."

"त्याने नाव विचारलं आणि तू देऊन टाकलंस?"

"उत्तर तर द्यायला हवं होतं ना!"

बटणवाल्या मावशी कारखाना सुरू झाल्यापासून तिथे होत्या. एकट्या राहणाऱ्या, साठीच्या आसपास, बोलणं कमी आणि दात जास्त, कारण दोरा त्या दातानेच तोडत. या वयात दुसरीकडे त्यांना कोण घेणार होतं? आई बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात लेकीने हात वर केला. नर्सच्या कोटाच्या बाहीसारखा अगदी सहज गेला तो हात वर.

"आई, प्लीज. या वेळी तू मध्ये पडू नकोस. हवं तर गुरुवारी ये. चार वाजता तो सगळं समजावून सांगणार आहे व्हिडिओवर. बघ, आणि मग गप्प बस."

गुरुवारी आई चारला नाही, सकाळी साडेनऊलाच जाऊन बसली. खिडकीपाशी स्टूल घेतलं आणि डायरी उघडली. इस्पितळात नवं यंत्र मागणाऱ्या प्रत्येक विभागात ती हेच करायची: दिवसभर बसायचं आणि कोण कशाला हात लावतं ते टिपून ठेवायचं. माणसं काय सांगतात ते एक असतं आणि त्यांचे हात काय करतात ते भलतंच.

दहा वाजता मास्तर आले. कानामागे खडू, गळ्यात टेप, शर्टाला कडक इस्त्री. चाळीस वर्षं कात्री चालवलेला माणूस, नुसत्या नजरेने छातीचं माप सांगायचा. ते संगणकासमोर बसले, बटण दाबलं आणि हात बांधून पडद्याकडे पाहू लागले.

"काय मास्तर, सुरू करायचं ना?" लेकीने टेबलापलीकडून विचारलं.

"मशीन गरम होऊ द्या, ताई."

लेकीने मान डोलावली. मशीन साडेअकरापर्यंत गरम होत राहिलं. मास्तर मध्येच उठून पुठ्ठा कापत, परत येऊन बसत, चष्मा पुसत. आईने डायरीत त्यांच्या नावापुढे शून्य मांडलं आणि दयेपोटी ते जरा लहान काढलं. बारा वाजता लेक रोजच्यासारखी गिऱ्हाइकांकडे मापं घ्यायला निघून गेली. तीनपर्यंत ती परत येत नसे.

एक वाजता सगळे डबे घेऊन गच्चीवर गेले. खोलीत आई उरली, मास्तर उरले, आणि दोऱ्याचं रीळ बाजूला ठेवून बटणवाल्या मावशी उठल्या. आईला त्यांनी पाहिलं, क्षणभर थबकल्या, आणि कपाळावर आठी घालून सरळ संगणकासमोर जाऊन बसल्या. मास्तर त्यांच्यामागे उभे राहिले.

"पन्नास छातीचा कोट काढा. पाठ अर्धं बोट वर."

मावशींनी माउस असा धरला होता जसं बटण धरावं, दोन बोटांच्या चिमटीत. पडद्यावरची पाठ अर्धं बोट वर सरकली. मास्तर सांगत होते, त्या ओढत होत्या. मध्येच त्या थांबल्या आणि न सांगता एक रेघ खाली खेचली.

"ते कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"बटण. मशीनने पुन्हा पाचच दिलीत. चाळीसच्या कोटाला पाच, पन्नासच्यालाही पाच. नुसती लांब लांब मांडतं. बसलं की पोटापाशी कोट तोंड उघडतो. सहा पाहिजेत, आणि एक बरोब्बर छातीच्या भरावर."

"हं. मशीनला पोट असतं हे कोण सांगणार," मास्तर म्हणाले आणि आपला डबा घेऊन वर गेले.

आई स्टुलावरून उतरून जवळ गेली. "हे कुठे शिकलात?"

"शिकतेय कसली, आई. कंपनीचा पोरगा मास्तरांना दाखवायला यायचा, मी शेजारी बटणं लावत बसलेली. मास्तरांना तो माउस धरवत नाही, हात जड. दोन महिने बिचारे रडकुंडीला आलेले. मग म्हटलं, तुम्ही सांगा, मी ओढते."

"म्हणजे वर्षभर सगळी मापं तुम्ही काढताय?"

"मापं मास्तरांची. हात माझा."

"माझ्या लेकीला ठाऊक आहे?"

"छे! ताईंना वाटतं मास्तर करतात. पोरांनाही तसंच वाटतं. वाटू दे. चाळीस वर्षांचा मास्तर बटणवालीकडून काम करून घेतो म्हटलं तर त्यांची काय राहील?"

"आणि तुमचं काय?"

"माझं काय जातंय? मी आहेच की इथं." मावशींनी पडदा बंद केला आणि आईचा हात धरला. बोटांची टोकं सुयांनी खरखरीत झालेली होती. "ताईंना सांगू नका हं. शब्द द्या."

जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली. मावशी तोंडाकडे बघत होत्या. आणि एकतीस वर्षं विक्रेत्यांना घाम फोडलेल्या त्या बाईच्या तोंडून निघून गेलं, "बरं. नाही सांगत."

चार वाजता गोडबोल्या पडद्यावर उगवला. मागे खोट्या पुस्तकांचं कपाट, तोंडावर खरं वाटावं असं हसू.

"काकू पण आल्यात? वा! संपूर्ण कुटुंब आमच्या प्रवासात सामील."

"मी कुठे निघालेली नाही," आई म्हणाली. "मला एवढंच सांगा, तीन वर्षांनी आम्ही भाडं बंद केलं तर आमचे पॅटर्न उघडतील का?"

"उत्तम प्रश्न, काकू. तुमचा डेटा कायम तुमचाच राहील."

"तो कुणाचा ते मला माहीत आहे. उघडेल का?"

"बघण्यासाठी नक्कीच."

"आणि छापून कापडावर ठेवायला?"

"त्यासाठी सक्रिय योजना असणं हितावह ठरेल."

"म्हणजे कपाट माझं, कपडे माझे, आणि काचेतून बघायचे."

गोडबोल्या दिलखुलास हसला. अशा माणसांना अपमान झाला की हसायचं शिक्षण देतात, हे आईला ठाऊक होतं. तिने आणखी एक टाकला. "हे अकरा लायसन्स वापरणार कोण? एकेकाचं काम सांगा."

"काकू, आम्ही माणसं मोजत नाही, शक्यता मोजतो."

"पैसे कशाचे घेता?"

"आई!" लेकीचा चेहरा लाल झाला होता. ती पडद्याकडे वळली. "सॉरी हं. हो, हो, आम्हाला चालेल सगळं. मी उद्या दहाच्या आत करते."

"सवलत बरोब्बर दहाला संपते," तो हळुवारपणे म्हणाला, जणू सवलत हा त्याचा आजारी नातेवाईक होता.

सगळे गेल्यावर मायलेकी जिन्यात उभ्या राहिल्या. खाली टायरवाला शटर ओढत होता.

"तू त्याची उलटतपासणी घेतलीस," लेक म्हणाली. "तोही माणूस आहे, आई. त्यालाही टार्गेट असतं."

"आणि मावशींना काय असतं?"

लेकीने कुलपाची किल्ली हातात घेतली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला काय चांगलं वाटतंय का? चार दिवस नीट जेवले नाहीये मी."

"मग नको करूस. तो पहिला रकाना दोघांपुरता आहे. तो घे. तुला एकच माणूस लागतं त्या मशीनवर, मी दिवसभर बसून पाहिलंय."

"मास्तर एकटे? ते साठीला आले, उद्या आजारी पडले तर? सगळं काम त्यांच्या एकट्याच्या हातात ठेवू?"

त्यांच्या हातात नाहीच आहे, हे शब्द आईच्या जिभेच्या टोकावर आले. पण तिथे आधीच दुसरा शब्द बसला होता, दुपारी दिलेला. तिने तोंड मिटलं. लेकीने ते मिटलेलं तोंड म्हणजे हार समजून कुलूप लावलं आणि जिना उतरली. जाताना टायरवाल्याने हात हलवला तर त्यालाही "हो, हो" म्हणाली. त्याने काहीच विचारलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सहा वाजता आई स्वयंपाकघरात चहा घेऊन बसली होती. समोर डायरी. अकरा नावं, आणि नावांपुढे तिने टिपलेल्या खुणा. नऊ जणांपुढे शून्य. मास्तरांपुढे अर्धी, कारण तोंडाने का होईना, ते सांगत होते. मावशींपुढे एक. अकरा लायसन्सला दीड माणूस. आणि आज दुपारी लेक त्या दीडातला एक काढून टाकणार होती, पुढची तीन वर्षं अकरांचं भाडं भरायचं म्हणून. इस्पितळात कुणी असा प्रस्ताव आणला असता तर आईने त्याला तपासणीसाठी तिथेच दाखल करून घेतलं असतं.

तिने पहिल्यांदा गोडबोल्याचा नंबर काढला. सकाळी सहाला त्या माणसाला उठवून दोन शब्द ऐकवण्यात एक निर्मळ आनंद होता. पण त्याने 'उत्तम मुद्दा' म्हटलं असतं आणि पुढे काही हललं नसतं. त्याचा दोष तरी किती? त्याने एक प्रश्न विचारला होता. दार सताड उघडं असेल तर आत येणाऱ्याला चोर म्हणताना आपल्यालाही जरा खाकरावं लागतं.

मग मास्तर. त्यांना फोन करून म्हणावं, इस्त्रीचा शर्ट घाला आणि ताईंना खरं सांगा. ते हो म्हणतील. दहाला येतील, चष्मा पुसतील, आणि मशीन गरम होण्याची वाट बघत बसतील. नको.

मग लेक. फोन उचलून सरळ सांगून टाकावं. आईने तिचं नाव पडद्यावर काढलंसुद्धा, आणि अंगठा अडला. शब्द दिला होता. असा शब्द, जो द्यायलाच नको होता. समोरच्या बाईचा खरखरीत हात हातात होता, जिन्यावर पावलं होती, तिला वाईट वाटू नये म्हणून दिलेला. त्या एका मिनिटात नाही म्हणायला काय झालं होतं? काही झालं नव्हतं. जीभ वळली नव्हती, इतकंच. आयुष्यभर आपण पोरीला घालूनपाडून बोलत आलो, आणि स्वतःवर पहिली खरी वेळ आली तेव्हा विक्रेता नव्हता समोर, टेबलही नव्हतं मध्ये, तर काय निघालं तोंडातून? पोरगी हे बाहेरून कुठून शिकून आली असं वाटत होतं. घरातूनच उचललेलं दिसतंय. आई मनाशी चिडून म्हणाली, वा बाई, फार शहाणी.

आणि मावशींचं ते पांघरूण तरी काय कामाचं? मास्तरांची शान राखायला बाई स्वतःची नोकरी घालवून बसणार होती, आणि ते तिला ठाऊकही नव्हतं. मी आहेच की इथं, म्हणे. दुपारनंतर कुठे असणार होती ती? लेकीने आज तिला काढलं असतं तर ती त्या जिन्याने गुपचूप खाली उतरली असती. सोमवारी एक वाजता मास्तर रिकाम्या खुर्चीमागे उभे राहिले असते आणि अकरा लायसन्स भिंतीकडे तोंड करून बसली असती.

पण पाठीमागून शब्द मोडणं आईला जमणारं नव्हतं. ज्याला दिला त्याच्यासमोर तो परत घ्यायचा, मग पुढचं. वाईट वाटेल तिला. वाटू दे. एखाद्याला वाईट वाटेल म्हणून किती माणसांचं वाटोळं करायचं, याचा हिशेब या घराण्यात कधीतरी कुणीतरी मांडायला हवा होता.

मावशी साडेसातला घरातून निघतात, दोन बस बदलून येतात, हे तिला माहीत होतं. बसमध्ये बोलणं होणार नाही. आत्ताच. तिने डायरीतून त्यांचा नंबर शोधला आणि काय म्हणायचं ते आधी एकदा स्वतःशी नीट लावून घेतलं, नाहीतर ऐन वेळी जीभ पुन्हा भलतीकडे वळायची. 'मावशी, काल मी जे म्हटलं ते मला पाळता येणार नाही. आज दुपारी माझी लेक तुम्हाला काढणार आहे, कारण तुम्ही नुसती बटणं लावता असं तिला वाटतं. दहाच्या आत तुम्ही तिच्यासमोर त्या मशीनवर बसून दाखवा. नाही बसलात तर मी तिला सांगणार. यावर तुम्ही काहीही म्हणा, मी बरं म्हणणार नाही.'

चहा निवून गेला होता. तिने तो तसाच बाजूला सारला, चष्मा नीट बसवला आणि नंबर लावायला घेतला.